आधीं वस्तु, मग शब्द

श्रोतेहो, एखाद्याचें वागणें अनुकरणीय वाटलें म्हणजे आपण म्हणतों, "त्यांनीं प्रामाणिकपणाचा वस्तुपाठच घालून दिला." हा 'वस्तुपाठ' शब्द सभांतून व वर्तमानपत्रांतून सर्रास आढळतो, पण तो मूळचा शाळेंतला आहे, हें आतां फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पूर्वीं प्राथमिक शाळेंत वाचन व गणित यांच्या जोडीला 'वस्तुपाठ' नांवाचा तास असे. गुरुजींनीं कापसाचें बोंड, काचेचा तुकडा, भिजविलेला हरभरा, अशी एखादी वस्तु मुलांपुढें ठेवावी. मुलांनीं ती पाहावी, हाताळावी, हुंगावी. आणि तिच्याविषयीं जें कळलें तें शब्दांत सांगावें, असा त्या तासाचा बेत होता. माझा सारा जन्म प्राथमिक शाळेंत गेला. या तासाचा उगम कोठें झाला, तो पुनःपुन्हा कसा बिघडला, आणि त्या बिघाडांत माझाहि हात कसा लागला, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

ही हकीकत युरोपांत सुरू होते. मोराव्हिया प्रांतांत १५९२ सालीं जन्मलेला कोमेनियस हा धर्मोपदेशक होता आणि हाडाचा शिक्षकहि होता. त्या काळीं शाळेंत जाणें म्हणजे लॅटिन शिकणें. मुलें शब्दांच्या याद्या पाठ करीत. ज्या वस्तूचा तो शब्द, ती वस्तु मुलाच्या दृष्टीस कधीं पडली आहे कीं नाहीं, याची चौकशी कोणी करीत नसे. कोमेनियसनें १६५८ सालीं न्यूरेंबर्ग शहरांत एक सचित्र पुस्तक छापविलें. वर चित्र, चित्रांतील वस्तूंना आंकडे, आणि खालीं त्याच आंकड्यांनीं दाखविलेले लॅटिन व जर्मन शब्द, अशी त्याची मांडणी. अग्नि, वारा, पाणी, ढग, झाडें, पक्षी, गुरें असें करीत दीडशें प्रकरणांत त्यानें सारी सृष्टि मुलांपुढें उभी केली. आरंभीं मुळाक्षरें आहेत, तेथेंहि बहुतेक अक्षरांसमोर एखादा प्राणी आणि त्याचा आवाज आहे. कावळ्याची कावकाव आणि कोकराचें बेंबें यांतून अक्षराचा ध्वनि मुलाच्या कानांत शिरावा, ही योजना. जें इंद्रियांच्या वाटेनें आलें नाहीं, तें बुद्धींत टिकत नाहीं, हें त्याचें सूत्र होतें.

परंतु चित्र तें चित्रच. पुढें स्वित्झर्लंडमध्यें पेस्टालॉझी हा थोर शिक्षक झाला. त्याचा जन्म १७४६ सालचा आणि मृत्यु १८२७ सालचा. त्याच्या शाळेंतली एक गोष्ट सांगतात. शिक्षक मुलांना शिडीचें चित्र दाखवीत होते. एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, अंगणांत खरी शिडी आहे, मग हें चित्र कशाला? शिक्षकांना तें उद्धटपणाचें वाटलें. पण पेस्टालॉझीनें मुलाची बाजू घेतली. वस्तु समोर असतांना तिची सावली दाखवूं नये, हा धडा त्यानें एका मुलाकडून घेतला. 'वस्तुपाठा'चें मूळ येथें आहे.

पण थोरांच्या हातूनहि चूक होते. रामसाउअर हा पेस्टालॉझीचा विद्यार्थी व पुढें त्याचाच सहकारी. त्यानें आठवण लिहून ठेवली आहे, ती मोठी बोलकी आहे. वर्गाच्या भिंतीवरचें जुनें आच्छादन फाटलें होतें. त्यासमोर मुलांना दोन-दोन, तीन-तीन तास उभें करून, भोंक दिसतें, लांब भोंक दिसतें, भोंकाच्या मागें भिंत दिसते, अशीं वाक्यें एका सुरांत म्हणावयास लावीत. वस्तु समोर होती, शब्दहि होते. परंतु मुलाच्या मनांत कुतूहल नव्हतें. असा पाठ म्हणजे घोकंपट्टीनेंच घेतलेला नवा वेष होय.

हाच प्रकार इंग्लंडांत झाला. चार्ल्स मेयो हे गृहस्थ १८१९ सालीं पेस्टालॉझीच्या इव्हर्डन येथील शाळेंत गेले व तेथें तीन वर्षें राहिले. त्यांची बहीण एलिझाबेथ मेयो हिनें पुढें वस्तुपाठांचें पुस्तक लिहिलें. त्याचा पहिलाच पाठ काचेचा. काच हातीं द्यावी, मुलांना तींतून पाहूं द्यावें, आणि आरपार दिसतें असें मुलें म्हणाली कीं मग 'पारदर्शक' हा शब्द द्यावा, हा क्रम उत्तम होता. पण पुस्तकांत प्रश्न आणि उत्तरें दोन्ही छापलेलीं! तेव्हां काच दूर राहिली व उत्तरें पाठ होऊं लागलीं. डिकन्सनें १८५४ सालीं 'हार्ड टाइम्स' ही कादंबरी लिहिली. तींत घोड्यांच्या खेळवाल्याची मुलगी वर्गांत घोड्याची व्याख्या सांगूं शकत नाहीं. आणि दुसरा एक मुलगा घोड्याचे पाय, दांत व आहार यांची यादी धडाधड म्हणून शाबासकी मिळवितो. जिचा जन्म घोड्यांत गेला ती अडाणी ठरली.

इंग्रजी अमदानींत ही पद्धति ट्रेनिंग कॉलेजांच्या द्वारें आपल्या मराठी शाळांत आली आणि येतांना आपले गुण व दोष दोन्ही घेऊन आली. मीं शिक्षक होईपर्यंत वेळापत्रकांतलें नांव बदललें होतें. दोष मात्र शिल्लक होता. डिकन्सची ती मुलगी माझ्याहि वर्गांत बसली होती, तें आतां सांगतों.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका खेड्यांत मी चौथीचा वर्ग शिकवीत होतों. गुरें राखून शाळेंत येणारा एक मुलगा माझ्या वर्गांत होता. वार्षिक परीक्षेंत मीं त्याला तोंडी प्रश्न विचारला, "उभयचर म्हणजे काय?" तो खालीं मान घालून उभा राहिला. मीं शून्य दिलें. इतर विषयहि बेताचेच असल्यामुळें तो त्या वर्षीं नापास झाला. शेजारच्या मुलानें मात्र व्याख्या बिनचूक म्हटली, पाण्यांत व जमिनीवर राहतो तो उभयचर. मीं पूर्ण गुण दिले. बेडूक सोडून दुसरें उदाहरण विचारलें तेव्हां तो म्हणाला, "म्हैस!" सारा वर्ग हंसला, मीहि हंसलों. खरें पाहतां त्या मुलाचें काय चुकलें होतें? मीं शिकविलेल्या व्याख्येंत म्हैस चपखल बसत होती. हंसें माझेंच झालें होतें.

पुढच्या पावसाळ्यांत तोच नापास झालेला मुलगा एके दिवशीं पत्र्याचा डबा घेऊन आला. डब्यांत डबक्याचें पाणी आणि काळीं, शेपटीचीं, इवलींशीं पिलें. "गुरुजी, ही मासळी न्हाय. ह्येंचं बेडूक हुतंय." डबा आम्हीं वर्गांत ठेवला. पाणी बदलण्याचें काम त्याच्याकडेच दिलें. आधीं मागचे पाय फुटले, मग पुढचे. शेपूट आटत गेली. माशासारखें कल्ल्यांनीं श्वास घेणारें पिलूं एके दिवशीं काठीवर चढून हवेंत श्वास घेऊं लागलें. तेव्हां मीं फळ्यावर 'उभयचर' लिहिलें व मध्यें रेघ मारली. उभय म्हणजे दोन्ही, चर म्हणजे चालणारा, वावरणारा. तो मुलगा क्षणभर थांबून म्हणाला, "गुरुजी, गुरं चरत्यात त्योच का ह्यो चर?" हा प्रश्न मीं स्वतःला कधीं विचारला नव्हता. 'चर्' म्हणजे फिरणें. फिरत फिरत खाणें तें चरणें. मीं म्हणालों, "होय रे, तोच." मग जलचर, भूचर, निशाचर हे शब्द मुलांनींच उलगडले. म्हशीचा निकालहि त्यानेंच लावला, "म्हशीचं रेडकू काय पाण्यात शेपटीनं पवत न्हाय!"

श्रोतेहो, त्या दिवसापासून माझी शिकविण्याची रीत पालटली. हरभरा भिजवून दोन बोटांत दाबला कीं त्याच्या दोन फाकी होतात; ज्वारीचा दाणा तसा दुभंगत नाहीं. हें हातानें करून पाहिल्यावर 'द्विदल' व 'एकदल' हे शब्द सांगावे. 'दल्' म्हणजे फुटणें, दुभंगणें. घरांतली डाळ आणि जात्यावरचें दळणें हीं त्याच घराण्यांतलीं, हें कळलें म्हणजे पुस्तकांतला शब्द मुलाच्या स्वयंपाकघरांत येऊन बसतो. लाजाळूच्या पानाला बोट लावून तीं मिटतांना पाहिलीं कीं 'आळू' हा प्रत्यय वेगळा शिकवावा लागत नाहीं. झोपाळू, विसराळू, मायाळू हे शब्द मुलें आपण होऊन सांगतात, आणि विसराळू कोण याचा निवाडाहि तिथेंच होतो! तळ्याच्या कांठीं पाणकोंबडी व पाणकावळा दाखविले म्हणजे 'पाणी' हा शब्द जोडशब्दांत 'पाण' होतो, हें व्याकरण चिखलांत उभ्या उभ्या समजतें.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. शब्दाची फोड म्हणजे सत्य नव्हे. आपल्या प्राचीन ग्रंथांत जीवांचे अंडज, जरायुज, स्वेदज व उद्भिज्ज असे चार वर्ग सांगितले आहेत. 'ज' म्हणजे जन्मलेला. अंड्यांतून, गर्भवेष्टनांतून, घामांतून आणि जमीन फोडून. शब्द किती सुबक! पण ऊ घामांतून जन्मत नाहीं. ती लिखेंतून, म्हणजे स्वतःच्याच अंड्यांतून जन्मते. युरोपांतहि सडक्या मांसापासून अळ्या आपोआप होतात अशी समजूत होती. कोमेनियसचें पुस्तक निघाल्यावर दहाच वर्षांनीं, १६६८ सालीं, इटलींत फ्रांसिस्को रेडी यानें आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यानें कांहीं भांडीं उघडीं ठेवलीं, कांहींवर जाळीदार कापड बांधलें. माशी जेथें मांसावर बसूं शकली नाहीं, तेथें मांसांत अळी झाली नाहीं. म्हणून शब्द फोडून झाल्यावर मुलाला पुन्हा वस्तूकडे पाठवावें. शब्द हा साक्षीदार आहे. न्यायाधीश वस्तूच आहे.

आपल्या महाराष्ट्रांत हें तत्त्व ज्यांनीं आचरून दाखविलें, त्यांत ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचीं नांवें आदरानें घेतलीं पाहिजेत. १९४५ सालीं बोर्डी येथें सुरू झालेलें त्यांचें काम १९५७ सालीं कोसबाडच्या टेकडीवर गेलें. आदिवासी मुलें गुरांमागें रानांत जात, शाळेंत येऊं शकत नसत. तेव्हां शाळाच त्यांच्या मागें कुरणांत गेली. तिला 'कुरणशाळा' म्हणत. रानांत वाढलेलें मूल रित्या हातानें शाळेंत येत नाहीं; झाडापाखरांचें ज्ञान आणि त्यांचीं नांवें तें घरूनच घेऊन येतें. त्याचा शब्द खोडून आपला शब्द लिहूं नये. त्याच्या शब्दाशेजारीं आपला मांडावा.

त्या मुलाला मीं दिलेलें शून्य निकालपत्रावर तसेंच राहिलें. गेलेलें वर्ष मला परत देतां आलें नाहीं. बेडकाचा सारा जन्म त्याला ठाऊक होता, फक्त माझा एक शब्द ठाऊक नव्हता. आणि मला तो शब्द ठाऊक होता, पण त्यांतला 'चर' कोठें चरतो हें ठाऊक नव्हतें. दोघांपैकीं नापास कोण, हें श्रोत्यांनींच ठरवावें. घरीं लहान मुलें असतील त्यांना माझी एवढीच विनंति आहे, कीं मुलाला नवा शब्द द्यावयाचा असेल, तर आधीं त्याच्याबरोबर अंगणांत जावें. तेथून दोघेहि कांहीं शिकून परत येतील.