सुपर ग्लू टिकवायचा कसा?

(प्रतिनिधी)

बुटीबोरी : तुटलेला कप, चपलेचा निघालेला तळ किंवा यंत्राची रबरी पट्टी काही सेकंदांत जोडून देणारा सुपर ग्लू आज घराघरांत आणि कार्यशाळांत आढळतो. मात्र एकदा उघडलेली बाटली पुन्हा हाती घ्यावी, तर तिचे तोंड दगडासारखे घट्ट झालेले असते. दोन थेंब वापरायचे आणि उरलेली बाटली फेकून द्यायची, असा प्रकार सर्रास घडतो. नागपूरपासून सुमारे ३० किलोमीटरवर वर्धा मार्गावर वसलेल्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कार्यशाळा असो वा शहरातील घर, साठवणुकीचे काही साधे नियम पाळल्यास हा अपव्यय टाळता येतो.

ग्लू वाळतो की आळतो?

सुपर ग्लू साध्या गोंदासारखा वाळत नाही, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. साध्या गोंदातील पाणी उडून जाते आणि तो घट्ट होतो. सुपर ग्लूचा मुख्य घटक सायनोॲक्रिलेट हे रसायन आहे. त्याला पाण्याचा अंश मिळाला की त्याचे सुटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांबलचक साखळ्या तयार होतात. प्रत्येक वस्तूच्या पृष्ठभागावर हवेतील बाष्पाचा अदृश्य थर असतो. तेवढे पाणी या क्रियेला पुरते. म्हणूनच पातळ थर क्षणार्धात पकडतो, तर जाड थेंब बराच वेळ ओला राहतो.

बाटलीत ही क्रिया सुरू होऊ नये यासाठी उत्पादक त्यात अल्प प्रमाणात आम्लधर्मी स्थिरक मिसळतात. बाटलीही पॉलिथिनची असते, कारण या प्लास्टिकला हा ग्लू सहसा चिकटत नाही. उरलेला ग्लू काचेच्या बाटलीत काढून ठेवणे म्हणूनच चुकीचे ठरते. घट्ट झालेल्या ग्लूमध्ये थिनर किंवा ॲसिटोन ओतूनही उपयोग होत नाही. एकदा जोडल्या गेलेल्या साखळ्या घरगुती उपायांनी पूर्ववत होत नाहीत.

विदर्भाचे दुहेरी संकट

विदर्भाच्या हवामानात सुपर ग्लूला दोन शत्रू आहेत. मे महिन्यात नागपूर परिसरात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो. पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हात उभ्या मोटारीत किंवा दुचाकीच्या डिकीत तापमान त्याहूनही वाढते. उष्णतेने स्थिरकाचा प्रभाव लवकर संपतो आणि बंद बाटलीतील ग्लूही दाट होऊ लागतो. जूनच्या मध्यानंतर पावसाळा सुरू होतो आणि हवेतील दमटपणा उघड्या बाटलीवर हल्ला करतो.

उन्हाळ्यात आणखी एक गंमत घडते. हवा अतिशय कोरडी असल्याने जोड पकडायला वेळ लागतो. ग्लू ‘खराब’ आहे असे समजून लोक अधिक थेंब ओततात आणि जोड आणखी कमकुवत होतो. सर्वसाधारणपणे ४० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता जोडकामासाठी योग्य मानली जाते.

बाटली उघडण्यापूर्वी

न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, म्हणजे घरातील फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, सर्वाधिक टिकते. बाटली नेहमी उभी ठेवावी. फ्रिजमधून काढल्यावर ती लगेच उघडू नये. थंड बाटलीवर आणि तिच्या तोंडाशी हवेतील बाष्पाचे दवबिंदू जमतात व तेच पाणी आत शिरते. तास-दोन तास बाहेर ठेवून ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच टोपण काढावे.

वापर झाल्यावर

१. चोच कापताना छिद्र शक्य तितके लहान ठेवावे.

२. काम होताच बाटली उभी धरून तळ टेबलावर हलकेच आपटावा. चोचीतील ग्लू खाली उतरतो आणि तोंड मोकळे राहते.

३. चोच कोरड्या टिश्यू पेपरने टिपून टोपण ताबडतोब घट्ट लावावे. जोड पकडेपर्यंत बाटली उघडी ठेवण्याची सवय सर्वाधिक नुकसान करते.

४. बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. नव्या बुटांच्या किंवा बॅगेच्या खोक्यात मिळणाऱ्या पुड्याही चालतात, मात्र त्या जुन्या होऊन ओलावा शोषून बसलेल्या नसाव्यात.

५. उघडलेली बाटली वारंवार फ्रिजमध्ये आत-बाहेर करू नये. घरातील थंड, कोरडे, अंधारे कपाट तिला अधिक मानवते.

६. खाण्याचा सोडा, चुना, सिमेंट यांच्याजवळ ग्लू ठेवू नये. हे आम्लारीधर्मी पदार्थ त्याला झटकन घट्ट करतात. कार्यशाळेत इपॉक्सीचे हार्डनर किंवा ग्लू लवकर पकडावा म्हणून वापरला जाणारा ॲक्टिव्हेटर वेगळ्या कपाटात ठेवावा.

ज्यांना वर्षातून दोन-चार वेळाच गरज पडते, त्यांनी मोठी बाटली घेण्याऐवजी एकदा वापरून टाकण्याच्या छोट्या ट्यूब घ्याव्यात. कारखान्यांनी प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी आणि जुना माल आधी वापरावा.

धोका डोळ्यांना

साठवणुकीचा प्रश्न केवळ पैशांचा नाही. सुपर ग्लूची छोटी बाटली आणि डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली दिसायला सारख्या असतात. घाईत किंवा अंधुक उजेडात औषधाऐवजी ग्लू डोळ्यांत घातल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत अनेकदा नोंदल्या गेल्या आहेत. काचबिंदूची काही औषधेही फ्रिजमध्येच ठेवावी लागतात. त्यामुळे ग्लू फ्रिजमध्ये ठेवायचाच असेल तर वर ठळक नाव लिहिलेल्या बंद डब्यात, औषधे व खाद्यपदार्थांपासून दूर ठेवावा. घरात वृद्ध किंवा लहान मुले असल्यास तो कुलूपबंद कपाटातच ठेवणे श्रेयस्कर.

पापण्या चिकटल्यास त्या ओढून उघडण्याचा प्रयत्न करू नये. कोमट पाण्याने डोळा धुऊन तातडीने नेत्रतज्ज्ञांकडे जावे. बोटे चिकटल्यास साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून हळूहळू सोडवावीत. त्वचेवर ॲसिटोन असलेले नेलपॉलिश रिमूव्हर चालते, पण डोळ्यांच्या व तोंडाच्या आसपास ते मुळीच वापरू नये. घट्ट टोपण दातांनी उघडू नये. बंद झालेली चोच आगीवर तापवू नये, कारण त्यातून डोळे व घसा जाळणारी वाफ निघते. कापसावर ग्लू सांडल्यास भाजण्याइतकी उष्णता निर्माण होते, हेही ध्यानात ठेवावे.

चिकटपणामुळे नाकारलेला शोध

अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर १९४२ मध्ये बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना हे रसायन समोर आले. प्रत्येक वस्तूला चिकटते म्हणून ते बाजूला टाकण्यात आले. १९५१ मध्ये त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी ते एका उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये लावले आणि लोलक कायमचे जोडले गेले. त्यानंतर त्याचे महत्त्व ध्यानात आले व १९५८ मध्ये ‘ईस्टमन ९१०’ या नावाने ते बाजारात आले. भारतात मुंबईच्या पिडिलाइट कंपनीच्या ‘फेविक्विक’ने ते घराघरांत पोहोचवले.

हवेतील ओलावा हाच या ग्लूचा मित्र आणि शत्रूही आहे. जोडाच्या जागी तो हवा, बाटलीत नको. एवढे तत्त्व पाळले तर बाटली शेवटच्या थेंबापर्यंत कामी येईल.