सेंटिनेल डोमवरचा पाइन

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्याच्या काठावर सेंटिनेल डोम नावाचा ग्रॅनाइटचा घुमट आहे, आठ हजार फुटांहून उंच. त्याच्या माथ्यावर, माती जवळपास नसलेल्या जागी, एक जेफ्री पाइन वाढला होता. वाऱ्याने त्याला सरळ वाढू दिलं नाही. फांद्या एकाच बाजूला आडव्या गेलेल्या. कार्लटन वॉटकिन्सने १८६७च्या सुमारास त्याचा फोटो काढला, ॲन्सेल ॲडम्सने १९४०च्या सुमारास. १९७६-७७च्या दुष्काळात लोकांनी बादल्यांनी पाणी वाहूनही तो वाळला, आणि ऑगस्ट २००३मध्ये कोसळला. आता त्याच्या खोडाचा पीळ कसा होता, चिरा किती खोल होत्या, हे फोटोंनाच विचारावं लागतं. म्हणून फोटोतला रेखीवपणा येतो कुठून, हा प्रश्न मला नुसता तांत्रिक वाटत नाही.

वॉटकिन्सच्या काळी उत्तर सोपं होतं. तो १८ बाय २२ इंचांपर्यंतच्या काचा डोंगरात वाहून नेई आणि प्रिंट काचेच्याच आकाराची काढी. मोठं करायचं नाही, तर धूसर होणार कुठून! पुढच्या पिढीतल्या ‘पिक्टोरियलिस्ट’ मंडळींना मात्र फोटो चित्रासारखा हवा होता. त्यांनी मुद्दाम मऊ भिंगं वापरली, प्रिंटवर ब्रश फिरवले. त्याविरुद्ध बंड म्हणून ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरे सात जणांचा ‘ग्रुप एफ/६४’ उभा राहिला. नोव्हेंबर १९३२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं. एफ/६४ म्हणजे भिंगाचं अगदी बारीक छिद्र, पुढच्या दगडापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट. वेस्टन पॉइंट लोबोसला सायप्रसची झिजलेली मुळं टिपत होता ती याच हट्टाने.

गंमत अशी, की त्याच दशकात क्ष-किरणांच्या फिल्मवर वेगळीच युक्ती चालू होती. मूळ निगेटिव्हवरून जाणूनबुजून धूसर, फिकट पॉझिटिव्ह बनवायची, दोन्ही एकमेकांवर ठेवून प्रिंट काढायची. मोठे उजेड-अंधार एकमेकांना खातात, कडा तेवढ्या उरतात. हाच ‘अनशार्प मास्क’. डेव्हिड मॅलिन यांनी १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात याच पद्धतीने दीर्घिकांची रचना उलगडून दाखवली. फोटोशॉपमध्ये तो मेनूतला एक फिल्टर झाला. कोडमध्ये लिहायला दोन-तीन ओळी पुरतात: मूळ चित्रातून धूसर प्रत वजा करा, आलेला फरक काही पटीने पुन्हा मूळ चित्रात मिळवा.

यात नवा तपशील एकही येत नाही. कडेच्या एका बाजूला काळं जास्त काळं होतं, दुसऱ्या बाजूला पांढरं जास्त पांढरं. एर्न्स्ट माखने १८६५मध्येच दाखवलं होतं, की आपली नजरही कडांपाशी हेच करते. म्हणजे ही लबाडी डोळ्याच्या ओळखीची आहे. डिजिटल कॅमेऱ्यात ती टाळताही येत नाही: कोडॅकच्या ब्राइस बेयरच्या रचनेत प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतात, आणि चित्र मुळातच थोडं मऊ निघतं.

झिजलेल्या लाकडावर खरी अडचण त्रिज्येची. अर्ध्या पिक्सेलची घेतली तर दगडफूल आणि सेन्सरचा खरखराट दोन्ही सारखेच टोकदार होतात. तीस-चाळीस पिक्सेलची घेतली तर चिरांच्या सावल्या खोल जातात आणि झाड आणखी शंभर वर्षांनी म्हातारं दिसतं. वय आकड्यावर ठरतं! इंटरनेटवरची निम्मी ‘प्राचीन’ झाडं मला अशीच घडवलेली वाटतात.

ॲडम्सही काही सोवळा नव्हता. डार्करूममध्ये तो आकाश काळवंडे, खडक उजळे. निगेटिव्ह ही स्वरलिपी आणि प्रिंट हे वादन, असं त्याचं मत होतं. पण स्वरलिपी त्याने जपली: त्याच्या निगेटिव्ह आज ॲरिझोना विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, पडताळून पाहता येतात. फोनचा कॅमेरा त्रिज्या आणि पट शटर दाबताच स्वतः ठरवतो. रॉ फाइल आधीच मागून ठेवली नसेल, तर नंतर पडताळायला काहीच हाती नसतं.