कमी जागेत मातीविना मका चारा : दोन दुभत्या जनावरांसाठी मांडणी

हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन आणि हळदीचे क्षेत्र वाढले, ज्वारी मागे पडली आणि तिच्याबरोबर कडबाही कमी झाला. मार्चनंतर हिरवा चारा मिळणे अवघड होते. ज्यांच्याकडे चाऱ्यासाठी वेगळी जमीन नाही, त्यांना घरामागे भिंतीलगत हायड्रोपोनिक पद्धतीने मक्याचा चारा घेता येतो. मात्र नेपिअरच्या दोन-चार गुंठ्यांना पुरेल इतके पाणी असेल, तर आधी नेपिअरच लावावे. ते स्वस्त पडते.

बांबू किंवा लोखंडी अँगलची ६ फूट लांब, २ फूट रुंद, चार कप्प्यांची मांडणी करावी. प्रत्येक कप्प्यात २ फूट बाय दीड फुटाचे चार ट्रे बसतात, म्हणजे एकूण १६. ट्रेच्या तळाला छिद्रे पाडून थोडा उतार द्यावा. पाणी साचले की बुरशी आलीच. मांडणीला शेडनेट गुंडाळावे. निथळलेले पाणी परसबागेला सोडावे.

मका खाण्याचा घ्यावा. दुकानातील पेरणीचे बियाणे औषध लावलेले असते, ते जनावरांना विषारी ठरते. तुटका, कीडका दाणा उगवत नाही, नुसता सडतो. दाणे पाण्यात टाकून तरंगणारे काढावेत, स्वच्छ धुऊन १२ ते २४ तास भिजवावेत आणि ओल्या गोणपाटात एक दिवस दडपून ठेवावेत. मोड आल्यावर प्रत्येक ट्रेमध्ये दीड किलो मका (कोरड्या वजनाने) पसरावा. दिवसातून सहा-सात वेळा पाण्याचा फवारा द्यावा. त्यासाठी नवा किंवा फक्त पाण्यासाठी राखलेला पंप वापरावा, तणनाशकाचा नको.

रोज दोन ट्रे भरले, तर आठव्या दिवसापासून रोज दोन ट्रे काढता येतात. एका किलो मक्यापासून ५ ते ६ किलो चारा मिळतो, म्हणजे रोज सुमारे १६ किलो. प्रत्येक जनावराला ८ किलो. मुळांसह द्यावा.

येथे एक हिशेब नीट समजून घ्यावा. वजन पाचपट वाढते ते पाण्यामुळे. मक्यात सुमारे ८८ टक्के शुष्क पदार्थ असतो, या चाऱ्यात १२ ते १५ टक्केच. म्हणजे एकूण शुष्क पदार्थ वाढत नाही, उलट थोडा घटतो, कारण अंकुर दाण्यातले पिष्ट वापरतो. म्हणून पोट भरायला कडबा किंवा भुसकट द्यावेच लागते. मक्याचा बाजारभाव भागिले पाच, त्यात मजुरी मिळवून एक किलोचा खर्च काढावा आणि विकतच्या हिरव्या चाऱ्याशी ताडून पाहावा.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, तेव्हा दाणे आंबतात. दुपारी मांडणीवर ओले गोणपाट टाकावे. पांढरी किंवा काळी बुरशी दिसलेला ट्रे पूर्ण फेकावा, वरचा हिरवा भागही जनावरांना घालू नये. रिकामा ट्रे ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून मगच पुन्हा भरावा. सुरुवात चार ट्रेंनी करावी. अडचण आल्यास कृषी विज्ञान केंद्र, तोंडापूर (ता. कळमनुरी) येथे विचारावे, जाताना खराब झालेला ट्रे सोबत न्यावा.