आकाशातली पांदण

वऱ्हाड-नागपुराकडील शेतकऱ्यास पांदण म्हणजे काय हे सांगावयास नको. दोहों बाजूंच्या धुऱ्यांमधून गेलेली ती बैलगाडीची अरुंद वाट कोणा एकाच्या मालकीची नसते, आणि तिच्यावाचून कोणाचेही पीक घरी येत नाही. एखाद्याने आपला धुरा चार बोटे पुढे सारला की तंटा उभा राहतो. एखाद्याने भर वाटेत गाडी सोडली की मागच्या दहा गाड्या खोळंबतात. बिनतारी संदेशांचा इतिहास वाचताना आम्हांस ह्या पांदणीची वारंवार आठवण होते. आकाशातही अशा वाटा आहेत. त्यांची रुंदी ठरलेली आहे, त्यांवरून जाणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांवरील तंटे गावच्या तंट्यांहून निराळे नाहीत. त्यांपैकी एका वाटेची, म्हणजे सुमारे ४० मीटर लांबीच्या लहरींच्या पट्ट्याची, हकीकत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. ही वाट आमच्या प्रांताच्या इतिहासास एके ठिकाणी फार जवळून स्पर्शून गेली आहे, हे त्याचे एक कारण होय.

प्रथम ह्या वाटेचे वाटसरू कोण ते सांगितले पाहिजे. नभोवाणीत एक बोलतो आणि लक्षावधी लोक ऐकतात. हौशी बिनतारीवाल्याचा, ज्यास जगभर ‘हॅम’ म्हणतात त्याचा, प्रकार वेगळा आहे. तो स्वतःच्या खर्चाने प्रक्षेपक आणि ग्राहक अशी दोन्ही यंत्रे बाळगतो, सरकारची परीक्षा देऊन परवाना घेतो, आणि मिळालेल्या संकेतनावाने आपल्यासारख्याच दुसऱ्या हौशी मनुष्याशी संभाषण करतो. ह्या कामाचा मोबदला त्यास घेता येत नाही. करमणुकीचे कार्यक्रम लावता येत नाहीत. गुप्त भाषेत बोलता येत नाही. जे बोलावयाचे ते सर्वांस ऐकू येईल असेच बोलावयाचे, हा त्याचा धर्म.

ह्या मंडळींस आकाशात जागा मिळाली ती कोणाच्या उदारपणामुळे नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी तज्ज्ञांचा समज असा होता की, लहर जितकी लांब तितका संदेश दूर जातो. म्हणून अमेरिकेने १९१२ साली कायदा करून हौशी लोकांस २०० मीटर व त्याखालील लहरींवर ढकलून दिले. ती त्या काळची पडीत जमीन होती. हौशी लोकांनी ती वाहावयास घेतली, आणि चमत्कार घडला! १९२१ च्या डिसेंबरात त्यांचे संदेश अटलांटिक ओलांडून ऐकू आले. १९२३ च्या नोव्हेंबरात सुमारे १०० मीटरच्या लहरीवर फ्रान्स व अमेरिका ह्यांमध्ये हौशी मंडळींचे दुतर्फा संभाषण झाले. पुढल्याच वर्षी, १८ ऑक्टोबर १९२४ रोजी, लंडनजवळील मिल हिल शाळेतल्या सेसिल गॉयडर नावाच्या विद्यार्थ्याने न्यूझीलंडमधील फ्रँक बेल ह्यांच्याशी मोर्सच्या कडकट्टात गोष्टी केल्या. पृथ्वीच्या पाठीवर ह्याहून दूरचा शेजारी शोधून सापडणे कठीणच! कारण असे की, वातावरणाच्या वरच्या भागात सूर्यकिरणांमुळे विद्युद्भारित झालेले थर असतात. लघुलहरी त्यांवर आदळून पुन्हा जमिनीकडे वळतात, आणि अशा उड्या घेत सर्व जग फिरून येतात.

पडीत जमीन सुपीक निघाल्यावर जे व्हावयाचे तेच झाले. सरकारे, कंपन्या, लष्करे आणि नभोवाणी-केंद्रे ह्या सर्वांचे लक्ष तिकडे गेले. १९२७ साली वॉशिंग्टन येथे राष्ट्रांची परिषद भरून आकाशाची मोजणी झाली, आणि ज्यांनी ती जमीन प्रथम नांगरली त्यांच्या वाट्यास काही अरुंद पट्टे आले. त्यांतला एक ७,००० पासून ७,३०० किलोसायकलपर्यंतचा, म्हणजे आमची ४० मीटरची पांदण.

हिंदुस्थानात ह्या छंदाचा आरंभ १९२१ साली कलकत्त्यास अमरेंद्रचंद्र गुप्तू ह्यांनी केला. त्यांच्या मागोमाग मुकुल बोस आले. १९२३ च्या जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबाने कार्यक्रम ध्वनिक्षेपित केले. परंतु १८८५ चा तारखात्याचा कायदा व १९३३ चा बिनतारी कायदा ह्यांच्या कैचीतून फारच थोडे लोक पार होत. परवान्यावाचून यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही १९३३ पासून अपराध ठरला. त्या दशकाच्या मध्यास साऱ्या देशात परवानेधारक हौशी मंडळी ५० देखील नव्हती. मौज अशी की, १९३६ साली ऑल इंडिया रेडिओचे मुख्य अभियंते म्हणून जे गृहस्थ विलायतेहून आले, ते न्यूझीलंडशी बोलणारे तेच गॉयडर होत. एका शाळकरी छंदिष्टाच्या हातून पुढे ह्या खंडप्राय देशाच्या लघुलहरी केंद्रांची उभारणी झाली.

येथे यंत्रांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण यंत्राची निवड आणि शेजारधर्म ह्यांचा संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे. आरंभीचे ठिणगीचे प्रक्षेपक एकाच लहरीवर बोलत नसत. ते आजूबाजूच्या लहरींवरही पसरत. पांदणीतून नांगर आडवा ओढीत नेणारा मनुष्य जे नुकसान करतो, तेच ते करीत. व्हॉल्व्ह आले तेव्हा ही रेघ बारीक झाली. पुढे गारेच्या स्फटिकाचा तुकडा बसवून ती एका जागी स्थिर ठेवता येऊ लागली. त्या काळी जाणते लोक नवशिक्यास सांगत, आणि आजही सांगतात, की हाती पैसा थोडा असेल तर तो शक्ती वाढविण्यात न घालविता आधी तारेवर घालवावा. ४० मीटरच्या लहरीस सुमारे २० मीटर लांबीची तार, मध्यावर तोडून आणि उंच ताणून बांधली, तर लहान यंत्रही पुष्कळ दूर पोहोचते. उलट मोठ्या यंत्रास वाईट तार जोडली तर दूरचे ऐकत नाहीत आणि जवळचे मात्र त्रासतात.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले, परवाने रद्द झाले, आणि हौशी लोकांस आपले प्रक्षेपक पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम सुटले. पांदणीवर काटेरी झाप लागली. ह्यानंतर तीन वर्षांनी जे घडले ते आम्हां नागपूरकरांस विशेष जिव्हाळ्याचे आहे.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. त्या दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे लोक उठले. गोळीबार झाला, लोकही पडले आणि अधिकारीही मारले गेले. पाठोपाठ चिमुरात फौज शिरली आणि गावावर, विशेषतः स्त्रियांवर, अनन्वित अत्याचार झाल्याचे गाऱ्हाणे बाहेर येऊ लागले. चिमूर नागपुराहून १०० किलोमीटरच्या आसपास. परंतु तेथील खरी हकीकत नागपुरास छापील अक्षरात वाचावयास मिळणे दुरापास्त झाले होते. ह्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भन्साळी ह्यांना पुढे ६३ दिवस उपोषण करावे लागले, एवढ्यावरून त्या मौनाची कल्पना यावी.

हे मौन मुंबईहून एका प्रक्षेपकाने मोडले. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरच्या लहरीवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. स्थळ मात्र ‘हिंदुस्थानात कोठेतरी’ एवढेच सांगितले जाई. उषा मेहता ह्या २२ वर्षांच्या विद्यार्थिनी, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आदी तरुण, शिकागो रेडिओ ह्या पेढीचे नानक मोटवाने, आणि पाठीशी डॉ. राममनोहर लोहिया, अशी ही मंडळी होती. प्रक्षेपक उभारला तो नरिमान प्रिंटर ह्यांनी. युद्धापूर्वी ते परवानेधारक हौशी बिनतारीवाले होते. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७,०८० किलोसायकल. ही जागा हौशी मंडळींच्या त्याच पांदणीत येते. हौशी हातांनी उभे केलेले यंत्र हौशी वाटेनेच चालले ह्यात आम्हांस नवल वाटत नाही. रात्रीच्या वेळी ह्या लहरीस मुंबई-नागपूर हे सुमारे ७०० किलोमीटरांचे अंतर सहज काटता येते. चितगावावरील बाँबवर्षाव, जमशेदपूरचा संप, बलियाचा उठाव, आणि आष्टी-चिमूरचे अत्याचार, हे सर्व ह्या केंद्रावरून सांगितले गेले, असे उषाताईंनी पुढे नमूद केले आहे.

पोलिसांच्या गाड्या शोधास लागल्या. चौकटीची तार फिरविली असता एका विशिष्ट दिशेस आवाज नाहीसा होतो. अशा दोन ठिकाणांहून काढलेल्या रेषा जेथे छेदतात तेथे प्रक्षेपक असतो. म्हणून केंद्राचे बिऱ्हाड पुनःपुन्हा हलवावे लागे. परंतु अखेरचा घाव रेषागणिताने बसला नाही. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले, आणि त्यांनीच पोलिसांस महालक्ष्मीजवळच्या त्या बंगल्यापर्यंत पोहोचविले. खटल्यात खाकर ह्यांस ५, उषाताईंस ४ आणि चंद्रकांत झवेरी ह्यांस १ वर्षाची शिक्षा झाली. जेमतेम तीन महिन्यांपेक्षा कमी असे ह्या आवाजाचे आयुष्य! उषाताई पुढे आमच्याच पेशात, अध्यापनात, रमल्या. १९९८ साली त्यांस पद्मविभूषण मिळाले आणि २००० साली त्या निवर्तल्या.

आता ह्या कथेत एक पेच आहे, आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. हौशी बिनतारीच्या नियमांनी पाहिले तर काँग्रेस रेडिओने एकही नियम पाळला नाही. परवाना नाही, संकेतनाव नाही, ठिकाण लपविलेले. संभाषण नव्हे तर प्रचार. मग ज्या वाटेची शिस्त आम्ही वाखाणतो, ती मोडणाऱ्यांचा गौरव आम्ही कोणत्या तोंडाने करावा? आमचे उत्तर असे : पांदणीची शिस्त बांधते तिच्यावरून चालणाऱ्यांस. सरकारने वाटच बंद केली, आणि बंद वाटेच्या पलीकडे गाव जळत असेल, तर झाप ओलांडणारा शेजाऱ्याचा धुरा कोरीत नसतो. परंतु ह्याच न्यायाची दुसरी बाजूही पत्करली पाहिजे. वाट खुली झाल्यावर आडवे घुसण्यास तसले कोणतेही समर्थन उरत नाही.

वाट खुली झाली. युद्धानंतर परवाने पुन्हा मिळू लागले. १९४८ साली महू येथे हौशी बिनतारीवाल्यांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. पुष्कळ वर्षे ही मंडळी लष्कराने मोडीत काढलेली यंत्रे सुधारून वापरीत, किंवा घरीच बांधीत, कारण परदेशी यंत्रावरील जकात मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेरची होती. १९८४ साली तीत सूट मिळाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला, सुमारे १०,००० माणसे दगावली. तेव्हा ज्यांनी तेथे जाऊन संदेशांची ने-आण केली त्यांत हे छंदिष्ट होते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरचे संबंध तुटले असता, छंदाच्या मोहिमेवर तेथे गेलेल्या भारती प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रक्षेपक जिवंत होते. ज्या यंत्रापोटी १९४२ मध्ये तुरुंग मिळे, त्याच यंत्राची ५० वर्षांनी सरकारला गरज भासली.

शेजाऱ्यांची अडचण मात्र दीर्घकाळ राहिली. आमच्या खंडात ह्या पट्ट्याच्या वरच्या भागात नभोवाणीची प्रचंड केंद्रे गर्जत असत, आणि काही वॅटांचा छंदिष्ट त्यांच्याखाली दबून जाई. २००३ च्या जागतिक परिषदेने हा तंटा मिटविला, आणि २९ मार्च २००९ पासून ७,१०० ते ७,२०० हा भाग नभोवाणीने सोडला. राष्ट्राराष्ट्रांच्या मोजणीत दुबळ्याच्या बाजूने धुरा सरकल्याचे हे उदाहरण विरळा होय.

आजचे अतिक्रमण वेगळ्या जातीचे आहे. मुठीत मावणारी बोलकी यंत्रे बाजारात स्वस्तात मिळतात आणि परवान्याची पृच्छा न करता घेतली जातात. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास अशा विक्रीबद्दल ऑनलाइन बाजारपेठांवर १३ नोटिसा काढाव्या लागल्या. असे यंत्र पोलिसांच्या किंवा विमानांच्या लहरीवर चुकून लागले तर काय अनर्थ होईल, ह्याचा विचार घेणारा करीत नाही. वास्तविक परवान्याची वाट दुर्गम नाही; १२ वर्षे पुरी झालेल्या मुलासही ह्या परीक्षेस बसता येते. आणि ही लहानगी यंत्रे दृष्टीच्या टप्प्यापुरतीच चालतात. महालात उभे राहून त्यांवरून गावभर बोलता येईल, दिल्लीशी नव्हे. ज्यास दूरचे बोलावयाचे आहे त्याने गच्चीवर तार बांधावी आणि ४० मीटरवर यावे.

तेथे आल्यावर प्रथम बोलू नये, ऐकावे. मग वाट रिकामी आहे काय असे विचारावे. आपले नाव सांगावे. जितक्या शक्तीत काम भागेल तितकीच वापरावी. संकटात सापडलेल्याची हाक आली तर सर्वांनी बाजूस व्हावे. ह्या पाच गोष्टींत हौशी बिनतारीचे सारे नीतिशास्त्र आले, आणि आम्हांस वाटते, थोडेबहुत नागरिकशास्त्रही आले.

आमच्या ओळखीचे एक शेतकरी म्हणत असत की पांदण कागदावर टिकत नाही, वहिवाटीने टिकते. दोन पावसाळे गाडी गेली नाही की तेथे तुरीचे तास दिसू लागतात. १८८५ व १९३३ च्या कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ साली नवा दूरसंचार कायदा संमत झाला, आणि आकाशातील जागेस लिलावात सोन्याचा भाव येतो. अशा काळात ही जुनी वाट टिकावी असे वाटत असेल तर तिच्यावरून कोणी तरी रोज, नेमाने, दुसऱ्याचे ऐकत गेले पाहिजे. चिमूरची हाक ज्या वाटेने गेली तिच्यावर तूर पेरली जाऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.