दोन आणि दोन पाच

१९३१ साली सोव्हिएत रशियात याकव गुमिनेर या चित्रकाराचे एक भित्तिपत्रक प्रसिद्ध झाले. त्यावर एक साधे गणित मांडलेले होते : दोन अधिक दोन, त्यात कामगारांचा उत्साह मिळविला की उत्तर पाच. पंचवार्षिक योजना चारच वर्षांत पुरी करण्याच्या घोषणेचे ते चित्ररूप होते. पुढे ऑर्वेलच्या कादंबरीने याच समीकरणाला छळाचे प्रतीक बनविले, आणि आज ते आठवले की आपल्याला विषादाने हसू येते. परंतु ज्यांनी ते भिंतीवर प्रथम वाचले त्यांतील पुष्कळांना त्यात हसण्यासारखे काही वाटले नव्हते, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये. अमेरिकेत आणि जर्मनीत त्या वर्षी कारखाने बंद पडत होते, कामगार अन्नछत्रांच्या दारी रांगा लावून उभे होते. आणि इकडे एक मागासलेला शेतीप्रधान देश नव्या भट्ट्यांचे पाये खणत होता.

या गणिताचा जन्म मात्र भिंतीवर झाला नव्हता. तो गोस्प्लान या १९२१ साली स्थापन झालेल्या नियोजन संस्थेच्या कचेरीत झाला. तेथे आरंभी दोन मते होती. ग्रोमान, बाझारोव यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ म्हणत, की आहे त्या परिस्थितीचा कल पाहून उद्याचा अंदाज बांधावा. स्ट्रूमिलिन आणि त्यांचे सहकारी म्हणत, की आधी ध्येय ठरवावे आणि परिस्थितीला त्याच्यामागून यायला लावावे. वाद विद्वत्तेचा होता, पण त्याचा निकाल विद्वानांनी लावला नाही. मंद गतीचा पुरस्कार करून तुरुंगात बसण्यापेक्षा वेगवान गतीच्या बाजूने उभे राहिलेले बरे, असे स्ट्रूमिलिन म्हणाल्याचे सांगतात. ते दीर्घायुषी झाले. बाझारोव यांना १९३० साली अटक झाली. ग्रोमान १९३१ च्या खटल्यात आरोपी म्हणून उभे राहिले.

आकडे पाहण्यासारखे आहेत. १९२७-२८ मध्ये देशात कच्च्या लोखंडाचे उत्पादन ३३ लाख टन होते. १९२९ मध्ये संमत झालेल्या योजनेने पाच वर्षांअखेरचे लक्ष्य १ कोटी टन ठरविले, आणि लवकरच ते १ कोटी ७० लाखांवर नेण्यात आले. १९३२ साली प्रत्यक्षात निघाले ६२ लाख टन. एवढ्या थोड्या अवधीत उत्पादन जवळजवळ दुप्पट व्हावे, हे कोणत्याही देशाने अभिमानाने सांगावे असे यश होय. पण लक्ष्यच असे बांधले होते की त्याच्याशेजारी हे यश अपयश दिसावे. आणि अपयश म्हटले की अपराधी हवा. १९२८ चा शाख्तीच्या खाणींचा खटला आणि १९३० चा तथाकथित ‘औद्योगिक पक्षा’चा खटला, दोन्हींत घातपाताच्या आरोपाखाली अभियंते पिंजऱ्यात उभे राहिले. फुगविलेल्या आकड्याची ही एक अटळ उपज होती असे मला वाटते.

उरल नदीच्या काठी, स्टेपच्या ओसाड गवताळ प्रदेशात मॅग्नितनाया नावाचा एक डोंगर होता. तो जवळजवळ लोहखनिजाचाच. होकायंत्राची सुई तेथे बावचळते, अशी त्याची ख्याती. जून १९२९ मध्ये तेथवर आगगाडी पोहोचली. गाडीतून उतरलेल्यांना राहायला घर नव्हते. तंबू होते, मग मातीची खोपटी आली, मग लाकडी बराकी. याच जागी जगातील एक अतिप्रचंड पोलाद कारखाना उभारायचा होता. आराखडा क्लीव्हलंडच्या मॅकी कंपनीकडून मागविलेला, नमुना अमेरिकेतील गॅरी येथील कारखान्याचा; नव्या नगराची रचना करण्यासाठी फ्रँकफुर्टहून एर्न्स्ट माय हे वास्तुविशारद आलेले. भांडवलशाहीला मागे टाकण्याचे शिक्षण भांडवलशाहीकडूनच घेण्यात कोणाला विसंगती वाटली नाही. खनिज हाताशी होते, पण कोळसा नव्हता. तो सुमारे दोन हजार किलोमीटरवरील कुझनेत्स्कहून आणायचा आणि परतीच्या गाड्यांतून खनिज तिकडे धाडायचे, असे ठरले. नफ्यातोट्याचा हिशेब करणाऱ्या कोणाही कारखानदाराने हा बेत कागदावरच मोडीत काढला असता.

घाई हाच तेथील धर्म होता. काँक्रीट कालविण्याचा एका पाळीतील विक्रम हा व्हालेन्तिन कातायेव यांच्या १९३२ मधील कादंबरीचा विषय आहे, आणि विषय म्हणून तो कृत्रिम नाही. माणसे खरोखरच तशी धावत होती. उरल नदीवरचे धरण तर दोन तीरांवरील तुकड्यांनी पैज लावून पुरे केले. काही वर्षांत ते अपुरे ठरले, खालच्या अंगाला दुसरे मोठे धरण बांधावे लागले आणि पैजेचे ते धरण त्याच्या पाण्याखाली गेले. पहिली झोतभट्टी जानेवारी १९३२ च्या अखेरीस, उरलच्या कडाक्याच्या थंडीत पेटविण्यात आली. १ फेब्रुवारीला पहिले लोखंड वाहिले. थोड्याच दिवसांत दुरुस्त्यांसाठी भट्टी थांबवावी लागली. जॉन स्कॉट हा अमेरिकन तरुण त्याच वर्षी तेथे वेल्डर म्हणून दाखल झाला. गोठलेल्या लोखंडी सांगाड्यांवरून माणसे कशी कोसळत, आणि संध्याकाळी तीच दमलेली माणसे रात्रशाळेत बीजगणित शिकायला कशी बसत, हे दोन्ही त्याने सारख्याच आस्थेने लिहून ठेवले आहे.

परंतु भित्तिपत्रकावरील समीकरणात एक पद लिहिलेले नव्हते. मॅग्निटोगोर्स्कच्या बांधकामावर उत्साही तरुणांच्या जोडीने हजारो ‘विशेष वसाहतकरी’ राबत होते. कुलक ठरवून ज्यांची जमीन, गुरे आणि घर काढून घेतले, ते हे शेतकरी. बायकामुलांसह मालडब्यांत भरून येथे आणून सोडलेले. त्यांनी पहिला हिवाळा तंबूत काढला, आणि त्यांची लहान मुले त्या हिवाळ्यात मोठ्या संख्येने दगावली.

यंत्रे परदेशातून आणायची तर परकीय चलन हवे, आणि विकण्याजोगे मुख्यतः धान्यच होते. १९३० मध्ये सुमारे ४८ लाख टन आणि १९३१ मध्ये ५० लाख टनांहून अधिक धान्य देशाबाहेर गेले. १९३२-३३ मध्ये युक्रेन, कझाकस्तान, उत्तर कॉकेशस आणि व्होल्गाकाठी दुष्काळ पडला. ५० ते ७० लाख माणसे मेली असे बहुतेक अभ्यासक मानतात. निर्यात तेव्हाही थांबली नाही, कमी झाली इतकेच. विशेष असे, की ही लूट तिच्या हेतूलाही पुरली नाही. सामूहिकीकरणाच्या त्या वर्षांत देशातील घोडे निम्म्यावर आले, आणि मेलेल्या जनावरांच्या जागी ट्रॅक्टर पाठविण्यात उद्योगाची बरीच शक्ती खर्ची पडली. हे पुढे बारसोव या सोव्हिएत अर्थशास्त्रज्ञानेच आकड्यांनिशी दाखविले.

याला एक प्रबळ उत्तर दिले जाते आणि ते टाळून चालणार नाही. आपण पुढारलेल्या देशांच्या पन्नास ते शंभर वर्षे मागे आहोत, हे अंतर दहा वर्षांत तोडले नाही तर चिरडले जाऊ, असे स्टालिन फेब्रुवारी १९३१ मध्ये म्हणाले. बरोबर दहा वर्षांनी हिटलरची सेना आली. पहिल्या योजनेत, १९३० साली सुरू झालेल्या स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्यातून वेढ्याच्या दिवसांत रणगाडे बाहेर पडत होते. ज्या लढाईवर अण्णा भाऊ साठे यांनी मुंबईच्या कामगारांपुढे पवाडा गायिला, ती त्या कारखान्याच्या आवारापर्यंत आली होती. पोलाद नसते तर काय झाले असते याची कल्पना भयंकर आहे. तरीही भट्टीसाठी ते तंबू अपरिहार्य होते, हे त्यातून सिद्ध होत नाही. विजयाने कारखान्याचे ऋण मान्य होते. वसाहतकऱ्याचे ऋण फिटत नाही.

आपला देशही या गणिताच्या वाटेला गेला होता. जून १९५५ मध्ये पंडित नेहरू मॅग्निटोगोर्स्कला जाऊन आले. भिलाईचा करार त्याच वर्षी आधी झाला होता. अवजड उद्योगांना अग्रस्थान देणारे महालनोबिस यांचे सूत्र १९२८ मधील फेल्डमान यांच्या सूत्राशी मिळतेजुळते होते. भिलाईसाठीही गावे उठली. पण आपल्याकडे लक्ष्य हुकले तर संसदेत प्रश्न विचारला जाई, वृत्तपत्रांत टीका होई. संख्याशास्त्रज्ञाला कोणी गोळी घातली नाही.

सोव्हिएत रशियात ती घातली गेली. देशाची लोकसंख्या १६ कोटी ८० लाख झाल्याचे स्टालिन यांनी १९३४ साली पक्षाच्या अधिवेशनात सांगितले होते. जानेवारी १९३७ च्या जनगणनेत ती १६ कोटी २० लाख भरली. जनगणना रद्द करण्यात आली, तिचे निष्कर्ष अर्धशतक दडपून ठेवले गेले, आणि ती पार पाडणाऱ्या खात्याचे प्रमुख क्वित्किन यांना त्याच वर्षी ठार करण्यात आले. १९३९ मध्ये पुन्हा गणना झाली आणि १७ कोटींचा आकडा जाहीर झाला.

मॅग्निटोगोर्स्कचा कारखाना आजही चालू आहे. मॅग्नितनाया डोंगर मात्र बव्हंशी खणून संपला. जेथे माथा होता तेथे आता पायऱ्यापायऱ्यांची खोल खाण आहे, आणि भट्ट्यांना लागणारे खनिज कित्येक वर्षे बाहेरून आणावे लागते.