बोटापासून स्पीकरपर्यंत : बेस गिटारचा नाद

बेस गिटारच्या नादाची चर्चा हटकून लाकडावर येते. बॉडी ॲल्डरची की ॲशची, यावर माणसे रात्री जागवतात. या पुस्तकात लाकडाला एकच प्रकरण आहे, तेही शेवटून दुसरे. लाकडाचे काहीच चालत नाही असे नव्हे. दांडीच्या स्वतःच्या कंपनामुळे एखाद्या पडद्यावर स्वर अकाली विझतो, हे वादक जाणतातच. पण पिकअपला लाकूड ऐकू येत नाही. चुंबकीय क्षेत्रात तार कशी हलते, एवढेच त्याला कळते.

म्हणून सुरुवात तारेपासून. सर्वांत जाड तार सुटी छेडली की सुमारे 41 हर्ट्झचा स्वर निघतो. ती बरोबर मध्यावर छेडली तर सम क्रमांकाचे उपस्वर उमटतच नाहीत. बोट ब्रिजकडे सरकले की वरचे उपस्वर पुढे येतात आणि आवाजाला धार चढते. पिकअपचेही तसेच. एखाद्या उपस्वराचा स्थिर बिंदू नेमका पिकअपवर आला, तर तो उपस्वर जवळजवळ गळतो. त्यात पडदा दाबला की तार आखूड होते, स्थिर बिंदू सरकतात, पिकअप मात्र जागचा हलत नाही. म्हणजे एकाच वाद्यात स्वरागणिक नादाची जात थोडी बदलते. तंबोऱ्याच्या जवारीतला दोरा केसभर सरकवून पाहिलेल्या वाचकाला याचे नवल वाटू नये.

आता दोन वाद्ये घ्या, दोन्ही फेंडरची, दोन्ही 1962 सालची. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमर्सन यांच्या प्रिसिजनवर सपाट वेढ्याच्या जाड, जुन्या तारा होत्या, ब्रिजच्या झाकणाखाली फोम होता, आणि छेडायला एकटी तर्जनी. स्वर भरीव, पण लगेच मिटणारा. जाको पास्तोरियस यांच्या जॅझ बेसला पडदेच नव्हते. तारा गोल वेढ्याच्या, बोटे ब्रिजजवळ, आणि स्वर गळ्यातून आल्यासारखा. पिकअप निराळे होते, मान्य. तरी या फरकाचा मोठा वाटा मी तारांना आणि हातांना देतो.

ॲम्प्लिफायरचे प्रकरण आखूड आहे. जेमर्सन यांचा बेस बहुधा थेट कन्सोललाच जोडला जाई. स्पीकरविषयी मात्र एक गंमत सविस्तर दिली आहे : फोनमधून 41 हर्ट्झ जवळजवळ बाहेर पडतच नाही, तरी स्वर ओळखू येतो, कारण उपस्वरांवरून मूळ स्वर आपली श्रवणयंत्रणाच जुळवून घेते.

गणिताची धास्ती असेल त्याने दुसरे प्रकरण खुशाल ओलांडावे. तिसरे वाचताना वाद्य हाताशी असावे, आणि टोनचा नॉब पूर्ण उघडा. नाहीतर ऐकायचे ते उपस्वर कपॅसिटरच गिळून टाकील.