‘पीडीएफ आहे का?’ ग्रुपवर पुस्तक सुचवताना काय चालतं, काय नाही

सीएसएमटीहून बदलापूर म्हणजे लोकलने सव्वा ते दीड तास. उल्हासनगर, अंबरनाथवाल्यांचा प्रवास थोडा कमी. बसायला जागा मिळाली (हा मोठा ‘जर’ आहे!) तर वाचायला भरपूर वेळ. मग कुणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर मुखपृष्ठाचा फोटो टाकतं, ‘सध्या हे वाचतेय, जबरदस्त आहे’. पाठोपाठ पहिला प्रश्न येतो, ‘पीडीएफ आहे का?’

पुस्तक सुचवायला कुणाची परवानगी लागत नाही. त्याबद्दल लिहिताना छोटा उतारा द्यायची मुभा कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये आहे. विकत घेतलेली छापील प्रत मैत्रिणीला वाचायला देणं, अदलाबदल करणं, रद्दीवाल्याला विकणं, हे सगळंही चालतं, कारण प्रत एकच राहते. पीडीएफ फॉरवर्ड केली की मात्र दर वेळी नवी प्रत तयार होते. अनेक मराठी पुस्तकांची आवृत्ती जेमतेम हजारभर प्रतींची असते. तीनशे जणांच्या ग्रुपवर फाइल गेली, तर पुढची आवृत्ती निघेल की नाही इथपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

मग कोणतंच पुस्तक पाठवता येत नाही का? येतं. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०१० संपलं तेव्हा त्यांच्या लेखनावरचा हक्कही संपला. ‘श्यामची आई’ आता सर्वांसाठी खुली आहे. पु. ल. देशपांडे गेले २००० मध्ये, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांना २०६० अखेरपर्यंत थांबावं लागेल. अनुवादाचा किंवा नव्या प्रस्तावनेचा हक्क वेगळा असतो, हे विसरू नका. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं मंडळाच्या वेबसाइटवर मोफत आहेत. त्यांची थेट लिंक द्या.

आणि पुस्तक बाजारातच नसेल तर? या पट्ट्यातल्या वाचकांचं नशीब इथे चांगलं आहे. बदलापुरात श्याम जोशी यांनी उभं केलेलं ‘ग्रंथसखा’ वाचनालय दुर्मिळ मराठी ग्रंथ आणि जुन्या नियतकालिकांच्या संग्रहासाठी ओळखलं जातं. संदर्भ शोधणारे अभ्यासकही तिथे येतात. पीडीएफ शोधण्याआधी तिकडे एक चक्कर मारायला हरकत नाही.

खरं तर ‘पीडीएफ आहे का?’ हा प्रश्न बऱ्याचदा सुचवणाऱ्याच्या अर्धवट मेसेजमुळे येतो. नुसतं ‘नक्की वाचा’ लिहू नका. लेखक, अनुवादक, प्रकाशक लिहा, तुम्हाला प्रत कुठून मिळाली तेही सांगा. उल्हासनगरच्या ग्रुपवर सिंधी पुस्तक सुचवत असाल तर आणखी एक गोष्ट लिहा: लिपी. सिंधी अरबी लिपीतही छापली जाते आणि देवनागरीतही. आजोबा सहज वाचतील ते पुस्तक नातीला वाचता येईलच असं नाही.